कौद्यांच्या खोलीतली रेवती

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, तेही कानडी शाळेत. मराठी अक्षरं आईने घरी पाटीवर शिकवली, त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मी अजून अंदाजानेच लिहिते. अक्षराचं तर विचारूच नका. सुईची सवय झालेल्या हाताला पेन जड जातं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितली की मोकळं वाटतं. पाहुण्यांना वाढतानाही मी आधी "मीठ कमीजास्त झालं असेल" म्हणते आणि मगच आमटी वाढते.

लिहायचं आहे ते रेवतीबद्दल. चारेक वर्षं ती आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिली. आता नाशिकला असते.

घर बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं, माझ्या थोरल्या भावाचं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीसुद्धा. आम्ही इथले जुने मराठी. आमचे पूर्वज फौजेबरोबर आले असं अण्णा भाडेकरूंना सांगतात, म्हणजे भाडं वाढवताना थोडा दबदबा राहतो. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझे यजमानही लवकर गेले, तेव्हापासून मी इथेच. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. इथे त्यांना कौदी म्हणतात. मागची एक खोली चिंध्यांनी आणि शिवून झालेल्या कौद्यांनी भरलेली असते.

रेवती खोली बघायला आली तेव्हा अण्णांनी विचारलं, काय करतेस. ती म्हणाली, दिवसा सर्जापूर रोडवर एका कंपनीत फ्लॅटच्या जाहिराती लिहिते आणि बाकी वेळ कविता करते. अण्णांनी विचारलं, कुठे छापून येतात. तर म्हणाली, "छापत नाही, अण्णा. लोकांसमोर उभी राहून म्हणते."

अण्णांनी खोली दिली. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "बसून म्हणायला काय होतं तिला?"

ती म्हणे की कागदावर सगळ्याच कविता झोपलेल्या असतात, झोपलेलं माणूस सगळ्यांना गोड दिसतं. उभी करून चालवली की कळतं लंगडी आहे की नाही. म्हणून ती खरोखरच चालवायची. वर जायचा जिना हा तिचा अभ्यास. एका पायरीला एक ओळ. ओळ आठवली तर पुढची पायरी, नाही आठवली तर तिथेच उभी. तोंडात दात घासायचा ब्रश असो, हातात कोथिंबीर असो, ती थांबायची. "थांबा हं, ओळ येतेय," असं बोट वर करून म्हणायची. आमचा दूधवाला जिन्याखाली पिशवी धरून वाट बघायचा. एकदा त्याने मला कानडीत विचारलं, हिच्या अंगात येतं का. मी म्हटलं, स्वल्प येतं.

मी लाजरी बाई. परक्या माणसाशी बोलताना माझी नजर आपोआप त्याच्या चपलांवर जाते. रेवतीला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची ती शेजारी बसून, समोर कधीच नाही. मी कौदीला टाके घालत असायची आणि ती चिंध्यांतून रंग वेगळे काढत बसायची. नजर मिळवायची गरजच नाही. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

एका वर्षी तिने मोठा बेत केला. एरवी ही कविता म्हणणारी मुलं एखाद्या कॅफेत जमायची, वीस-पंचवीस डोकी. या वेळी तिने आमच्याच भागातला एक लहान हॉल ठरवला आणि तिकिटं विकली. कानडी, हिंदी, मराठी, इंग्रजी, सगळ्या भाषांतले कवी येणार होते. तिकीट दोनशे रुपये. अण्णांना तिने दारातच गाठलं. अण्णांनी कुरकुर करत दोनशे काढले. "भाषणाला सुद्धा कुणी पैसे घेत नाही," म्हणाले. पण तिकीट देवघरातल्या पंचांगात नीट घालून ठेवलं.

कार्यक्रमाच्या आधीच करोना आला आणि सगळं बंद झालं. किती बंद झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी काय लिहू. तिकिटांचे पैसे तिने हॉलला आगाऊ देऊन टाकले होते. हॉलवाला आधी आज-उद्या म्हणाला, मग फोन घेईना, मग हॉलच दुसऱ्याने घेतला. तेवढ्यात फ्लॅट विकायचे थांबले आणि जाहिराती लिहिणारेही घरी बसले. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती खाली आली, अण्णांना म्हणाली भाडं नाही. अण्णांनी पेपर खाली न घेता सांगितलं, "मी मागितलं का?"

मग ती म्हणाली तिकिटांचं काय करू कळत नाही. लोक काही बोलत नाहीत, पण मला झोप येत नाही. ज्यांच्यासमोर उभं राहून मोठमोठ्या गोष्टी बोलायच्या, त्यांचेच पैसे माझ्याकडे. एकेकाचं फिटल्याशिवाय मी कुणासमोर उभी राहणार नाही.

अण्णांनी पेपर खाली घेतला. "सरी, ठीक आहे. मग माझे दोनशे."

मला फार लाज वाटली. आत गेल्यावर मी म्हटलं, भाडं सोडता आणि दोनशे मागता? तर म्हणाले, भाडं ही घरातली गोष्ट. तिकीट हा व्यवहार. तिने व्यवहार म्हटलं म्हणून मीही म्हटलं.

रेवतीने त्यातून एक वाट काढली. तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला ती फोन करून विचारायला लागली, पैसे हवेत की कविता? कविता हवी असेल तर फक्त तुमच्यासाठी, फोनवर, तुम्ही सांगाल त्या वेळी. बहुतेकांनी कविता मागितली. एका आजींना त्यांच्या मांजरीवर हवी होती आणि ती मांजरीलाच ऐकवायची होती. एक नवराबायको रोज भांडत होते, त्यांनी दोघांना वेगवेगळ्या मागितल्या, तिकिटंही दोन होती. एकाला पहाटे हवी होती, कारण मग घरात मुलं उठतात. रेवती पहाटे गच्चीवर टाकीला टेकून उभी राहायची आणि मी खाली सडा घालताना तिचा आवाज ऐकायची. शब्द कळायचे नाहीत, पण कुणाशी तरी जपून बोलतेय एवढं कळायचं.

ज्यांनी पैसे मागितले त्यांच्यासाठी पैसे लागणार होते. त्यासाठी तिने रविवारच्या गप्पा सुरू केल्या. दर रविवारी दुपारी फोनवर एका कवीशी बोलायचं, ऐकायला ज्याला यायचं त्याने यावं, ऐकून वाटलं तर काही पाठवावं. विषय एकच. सगळं बंद असताना तुम्हाला काही सुचतं का, आणि सुचत असेल तर कसं?

यात माझ्या खोलीची गरज पडली. तिच्या खोलीत बोललं की आवाज भिंतींवर आपटून परत येई. सगळे कवी तेव्हा म्हणे कपाटात शिरून बोलत होते, कपड्यांमुळे आवाज मऊ होतो. तिच्याकडे कपाट नव्हतं, एक दोरी होती. एके दिवशी कौद्यांच्या खोलीत उभी राहून ती "हॅलो" म्हणाली, दोन वेळा म्हणाली, आणि कौद्यांच्या ढिगावर आडवीच झाली. म्हणाली, "अक्का, अशी खोली अख्ख्या बेंगळुरूत नाही."

मी म्हटलं, मी बाहेर बसते. तर म्हणाली, तुम्ही उठलात तर मीही उठेन. तुम्ही शिवत राहा, सुईचा काय आवाज येणार?

सुईचा आला नाही. माझाच आला.

पहिल्या रविवारी के. आर. पुरमचा मंजू नावाचा मुलगा होता. औषधाच्या दुकानात काम करायचा आणि कानडीत कविता म्हणायचा. त्याला रेवतीने विचारलं, काय सुचतं. तो म्हणाला, दुकानात लोक मास्क लावून पुटपुटतात, दिवसभर मी एकच वाक्य बोलतो, काय म्हणालात? काय म्हणालात? घरी गेल्यावर झोपेतही तेच. शेवटी त्याचीच कविता केली. आणि तो म्हणायला लागला. म्हातारा गोळी मागतो, काय म्हणालात? बाई थर्मामीटर मागते, काय म्हणालात? एक मुलगी काहीच मागत नाही, नुसती उभी राहते, तरी हा विचारतो, काय म्हणालात?

मला लहानपणापासून सवय आहे. आई श्रावणात कहाण्या सांगायची आणि ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये हुंकार द्यायचाच, असा तिचा नियम होता. नाही दिला तर ती थांबायची. म्हणायची, ऐकणारं झोपलं तर मी काय भिंतीला सांगू? तर मंजूच्या त्या मुलीपाशी माझ्या तोंडून "हूं" गेला. चांगला मोठा गेला.

मंजू थांबला. विचारलं, कोण आहे तिथे?

मी अंगावरची कौदी डोक्यावर ओढून घेतली. रेवती हसायला लागली, म्हणाली आमच्या अक्का आहेत. मला वाटलं आता तो चिडणार. पण तो म्हणाला, "अक्का, आणखी एकदा म्हणा. कितीतरी दिवसांत मी बोलताना कुणी हूं म्हणालं नाही. ऐकणाऱ्या सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले असतात. विहिरीत बोलल्यासारखं वाटतं."

मी कौदीतून बाहेरच आले नाही. पण त्याने कविता परत पहिल्यापासून सुरू केली, आणि त्या मुलीपाशी येऊन थांबून राहिला. तेव्हा मला म्हणावंच लागलं.

पुढे सगळ्यांना ठाऊक झालं. गप्पा सुरू व्हायच्या आधी कवी विचारायचे, अक्का बसल्या का?

ही मंडळी टाळ्या वाजवत नाहीत. ओळ आवडली की चुटकी वाजवतात. रेवतीने त्या दिवसापासून ऐकणाऱ्यांचेही आवाज सुरू ठेवायला सांगितले, आणि मग फोनमधून चुटक्यांचा पाऊस पडायचा. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. आमच्याकडे जांभई आली की चुटकी वाजवतात. दोन-तीन रविवार त्यांनी सहन केलं, मग दारात येऊन म्हणाले, "एवढ्या जांभया येतात तर झोपू दे की त्यांना." ते तिकडे सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त चुटक्या अण्णांना मिळाल्या.

सर्जापूर रोडच्या एका उंच इमारतीतली सना खऱ्या कपाटात बसून बोलायची. ऐन कवितेत तिच्या अम्मीने कपाट उघडलं आणि चादर मागितली. सनाने चादर दिली, दार लावून घेतलं आणि पुढे म्हणाली. नंतर तिने ती चादर कवितेतच ठेवली. म्हणाली, ती काढली तर कविता खोटी वाटते. रेवतीने विचारलं, मग बंद घरात जास्त सुचतं का? सना म्हणाली, जास्त नाही, जवळचं सुचतं. आधी मी समुद्रावर लिहायची, समुद्र मी दोनदाच पाहिलाय.

हे इंग्रजीत झालं होतं. रेवती नंतर चिंध्या निवडताना मला सगळं मराठीत सांगायची. कुणाचंही बोलणं माझ्यासाठी कमी करून सांगितलं नाही. मला कळणार नाही असं तिला वाटलंच नसावं.

म्हैसूरच्या एका शाळेतल्या बाई होत्या, लता नावाच्या. त्या बोलायला बसल्या आणि म्हणाल्या, मला काहीच सुचत नाही. महिने झाले. सगळे म्हणतात वेळ मिळालाय, लिहा. मी फक्त भांडी घासते. तुमच्या गप्पांना यायची मला लाज वाटत होती.

मला वाटलं रेवती काहीतरी धीराचं बोलेल. ती म्हणाली, "आधी कुठलं भांडं घेता?"

लताबाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, आधी पेले. मग ताटं. दुधाचं पातेलं भिजत ठेवते, त्याला सगळ्यांच्या शेवटी. कुकरची रिंग वेगळी. सासऱ्यांची वाटी अजून रोज घासते, ते एप्रिलमध्ये गेले. कुणी चुटकी वाजवली नाही. मी हूं म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने लताबाईच म्हणाल्या, ही काही कविता नाही हं. रेवती म्हणाली, नाही. पण आम्ही कुणी उठून गेलो नाही.

त्या दिवशी कौदी घडी करताना मी तिला विचारलं, तू असं का विचारलंस? म्हणाली, अक्का, काय केलंत हे सगळेच विचारतात. जे होत नाही ते सांगायला माणसाला जागा कुठे आहे?

शेवटी मंजूने तिलाच पकडलं. तू सगळ्यांना विचारतेस, तुझं सांग. रेवती पहिल्यांदा अडखळली. मग म्हणाली, मला एकेका माणसासाठी सुचतं. ज्याचं देणं आहे त्याचा आवाज फोनवर ऐकला की सुचतं. गर्दीसाठी सुचेनासं झालंय. सगळ्यांचं फिटलं की परत उभी राहून बघेन, जमतं का.

पुढच्या वर्षी अण्णांनाच ताप आला. दवाखान्यात न्यायची वेळ आली नाही, पण देवघराशेजारच्या खोलीत त्यांना एकटं ठेवावं लागलं. मी दाराशी ताट ठेवायची आणि पदर तोंडावर धरून मागे सरायची. अण्णा बोलेनासे झाले. ताटही तसंच परत यायचं. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

रेवती मागच्या अंगणात जाऊन त्यांच्या खिडकीखाली उभी राहू लागली. रोज संध्याकाळी आठवी गल्ली ते मार्केट काय काय दिसलं ते ती मोठ्याने सांगायची. फुलवाल्याने मास्कला शेवंती खोचली आहे. डोशाच्या दुकानातला तवा थंड पडलाय, त्यावर मांजर बसलंय. बोलता बोलता तिचं बोलणं चालीवर यायचं, एका गोष्टीला दुसरी लागून यायची. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मांजरापाशी आतून "हूं" आला. बारीक, पण आला. मी स्वयंपाकघरात लगेच त्यांचं ताट वाढायला घेतलं.

अण्णा बरे झाल्यावर ती म्हणाली, तुमचं तिकीट फिटलं. खिडकीतून कविता ऐकलीत. अण्णा म्हणाले, "तापात ऐकलेलं धरत नाहीत. मला पैसे."

हळूहळू सगळ्यांचं फिटलं. रविवारच्या गप्पांतून काही आले, काही तिने मुलांच्या शिकवण्या घेऊन मिळवले. भाडंही तिने न मागता पुरतं चुकतं केलं, ते अण्णांनी घेतलं. मग नाशिकहून बोलावणं आलं. तिथल्या एका नव्या हॉलच्या पहिल्या कार्यक्रमात तिने उभं राहावं आणि पुढे मुलांना शिकवावं. वडीलही तिथे एकटेच होते. जेवताना तिने आम्हाला सांगितलं, आता फक्त अण्णांचं तिकीट राहिलंय. ते फिटलं की जाते. मी आमटी वाढत होते. अण्णांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोनशेची नोट घेऊन आली. अण्णा म्हणाले हात ओला आहे. संध्याकाळी आली, तर दिवेलागण झाली होती, दिवेलागणीला पैशाचा व्यवहार करत नाहीत. मंगळवारी मंगळवार होता. बुधवारी चष्मा सापडेना, आणि चष्म्याशिवाय नोट खरी की खोटी कसं कळणार? चष्मा मला देवघरात पंचांगाखाली सापडला. मी तो तिथेच राहू दिला. गुरुवारी म्हणाले, मी शंभराच्या दोन दिल्या होत्या, मला शंभराच्याच हव्यात. रेवती उन्हात जाऊन सुट्टे करून आली तोवर अण्णा झोपले होते, किंवा डोळे मिटून पडले होते.

शुक्रवारी तिची बस होती. दुपारीच रिक्षा दाराशी आली. सामान चढवून रेवती शंभराच्या दोन नोटा घेऊन अण्णांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. अण्णा म्हणाले, आज शुक्रवार. शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर देऊ नये. रेवती म्हणाली, अण्णा, बाहेर जातेय ती माझी, तुमच्या तर घरात येतेय. अण्णा म्हणाले, तेच सांगतोय, तुझं नुकसान होईल. पुढच्या खेपेला येशील तेव्हा दे.

रेवतीचा चेहरा उतरला. रविवारी तिला नाशिकला लोकांसमोर उभं राहायचं होतं, आणि एक तिकीट राहिलं असतं तर ती उभी राहिली नसती. बोलली होती ते बोलली होती. अण्णांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

अण्णांना मी जन्मात कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांच्या चपलांकडे बघत म्हटलं, "अण्णा, घ्या. तिला उभं राहायचंय."

अण्णा खुर्चीतून उठले. धोतर सारखं केलं, उजवा हात पुढे केला. तिने नोटा ठेवल्या. तिथेच वाकून नमस्कार करायला गेली, तर म्हणाले थांब, आधी मोजू दे. नोटा दोनच होत्या. त्यांनी दोन वेळा मोजल्या, एकेक उजेडाकडे धरून बघितली आणि सदऱ्याच्या खिशात घातल्या.

"पुरते आहेत," म्हणाले. "जा आता."